साधारण माणसाची साक्ष

आमच्या भाऊजींना राग येत नाही, तो त्यांच्यात मुरतो. बावीस वर्षं एका कारखान्यात फिटर असलेल्या या गृहस्थांना मालकानं एका सकाळी "तुझ्यासारखे साधे फिटर पैशाला पासरी मिळतात" असं सुनावून घरी बसवलं. तेव्हापासून भाऊजी दाढी करतानाही असं बघत, की आरशानं माफी मागावी.

सहा वर्षांनी संधी घरी चालून आली. भूकंपाचा धक्का इमारतीनं सोसावा म्हणून हा कारखाना तेल भरलेले मोठे शॉक ॲब्सॉर्बर बनवी. जोराच्या धक्क्यात तेल तापून पातळ होई आणि यंत्र ढिलं पडे. मालकानं त्याला घासून धक्का जिरवणाऱ्या ब्रेकच्या पट्ट्यांची जोड दिली आणि पेटंट मिळवलं. दुसऱ्या एका कंपनीनं ते रद्द करा म्हणून अर्ज केला. कायदा असा, की त्या धंद्यातल्या साधारण कारागिराला जी युक्ती सहज सुचेल, तिला पेटंट नाही.

असा साधारण कारागीर शोधत कंपनीच्या वकीलबाई आमच्याकडे आल्या. पेटंटाबद्दल चकार शब्द न काढता त्यांनी जुन्या यंत्राचं चित्र पुढं केलं आणि त्याचं दुखणं सांगितलं. चहा संपायच्या आत भाऊजी म्हणाले, "मग ब्रेकच्या पट्ट्या लावा की! ट्रकला असतात तशा."

सुनावणीला मी आणि ताई मागच्या बाकावर होतो. पेटंट वाचवायचं, तर भाऊजी साधारण नाहीत हे सिद्ध करणं मालकाला भाग होतं. शपथ घेऊन, घाम पुसत तो म्हणाला, "हा माणूस असामान्य आहे. असा कारागीर मी जन्मात पाहिला नाही."

भाऊजी लेखनिकाकडे वळले. "पुन्हा वाचता का जरा? ऐकू कमी येतं." शेजारच्या घरातली कुजबुज ज्यांना ऐकू येते, ते हे भाऊजी!

लेखनिकानं वाचलं. भाऊजींनी डोळे मिटून ऐकलं.

"हे खरं आहे?" सुनावणी घेणाऱ्या अधिकाऱ्यांनी भाऊजींना विचारलं.

हो म्हटलं की कौतुक पदरात, पण मालक सुटला.

"हो म्हणा हो," ताई पुटपुटली.

"नाही साहेब," भाऊजी साखरेच्या आवाजात म्हणाले. "मी अगदीच साधारण. आमच्या खात्यात अकराजण होते, त्यातले आठ माझ्याहून हुशार. यांनी सगळ्यांना हाकललं. ही नावं, हे पत्ते. कुणालाही विचारा."

अधिकाऱ्यांनी पेटंट न पाहिलेल्या तिघांना बोलावलं. वेगवेगळ्या खोल्यांत बसून तिघांनीही जुन्या यंत्राच्या चित्रावर ब्रेकच्या पट्ट्याच काढल्या. पेटंट गेलं.

निकालाच्या दिवशी जिन्यात मालक भेटला. "झालं समाधान?"

"अजून कुठं!" भाऊजी म्हणाले. "तुमच्या साक्षीची प्रत मिळायची आहे. कारखान्याच्या फाटकावर लावीन म्हणतो."

"डिंक मी आणते," ताई म्हणाली.