भट्टीतली दशमी

कुंभकोणमच्या आमच्या घरी परसात पावाची भट्टी होती, असं सांगितलं की माणसं माझ्याकडे बघतच राहतात. सोवळ्याओवळ्याचं घर, आणि विहिरीशेजारी विटांचा घुमट! गल्लीतल्या बायका तेव्हा तोंडावर विचारायच्या, "काय गं, बेकरी काढताय की काय?" मी म्हणायचे, "हो, पहिलं गिऱ्हाईक तुम्हीच व्हा." राग यायचा मला. भट्टी कशासाठी उभी राहतेय हे त्यांना पक्कं ठाऊक होतं, आणि तरी विचारायच्या.

ती आत्याबाईंसाठी होती. आत्याबाई म्हणजे माझ्या सासऱ्यांची, मामंजींची, थोरली बहीण. लहानपणीच विधवा होऊन माहेरी आलेल्या. त्यांची आई मामंजींच्या बाळंतपणात गेली आणि ते तान्हं पोर यांच्याच मांडीवर आलं. मामंजींना त्यांनी वाढवलं, शिकवलं, रेल्वेत नोकरीला लावलं, त्यांचं लग्न लावलं आणि पुढे माझ्या सासूबाई गेल्यावर पुन्हा त्यांना दोन वेळा ताट वाढू लागल्या. पन्नाशी उलटलेला, मालधक्क्यावर दहा माणसांना कामाला लावणारा हा गृहस्थ घरात शिरला की, "अक्का, भूक लागली," म्हणायचा. मी लग्न होऊन पापनाशम्‌हून आले तेव्हा मला हसूच आलं होतं.

मी आल्याला वर्षही झालं नसेल, आत्याबाईंच्या पोटात अन्न ठरेना. भात खाल्ला की उलटून पडायचा. पेज दिली, तीही तशीच. डॉक्टर आले, पोट दाबून पाहिलं आणि मामंजींना ओसरीवर नेऊन म्हणाले, "हे बरं होण्यातलं नाही. पण उपाशी ठेवू नका. पाव द्या, कापून पुन्हा कडक भाजलेला, दुधात बुडवून. तो ठरेल." आमच्याकडे पाव म्हणजे आजाऱ्याचंच खाणं. धडधाकट माणसाच्या हातात पाव दिसला तर लोक विचारत, ताप आलाय का?

मामंजींनी त्याच संध्याकाळी बाजारातून पाव आणला. आत्याबाईंनी तोंड भिंतीकडे फिरवलं.

"त्यात ताडी घालतात फुगायला."

"अक्का, दारूबंदी आली. आता ताडी कुठली?"

"बंदी आली म्हणून ताडी संपली होय रे? तू सरकारी माणूस, तुला तसंच वाटणार."

हसत म्हणाल्या, पण पावाला शिवल्या नाहीत. मामंजींनी विनवण्या केल्या, रागावून पाहिलं, शेवटी हात टेकले. मी घरी पातेल्यात मैद्याचा गोळा घालून वर-खाली निखारे ठेवून पाहिले. बुडाला कोळसा आणि आत कच्चा लगदा. तो आत्याबाईंनी माझ्याकडे बघून कसाबसा गिळला, आणि पुढचा तासभर मी त्यांची पाठ चोळत बसले.

त्या दिवशी मामंजी विहिरीच्या काठावर बसून होते. मी पाणी काढायला गेले तर म्हणाले, "सूनबाई, मी हिच्या हातचं खाऊन जगलो. ही माझ्या घरात उपाशी मेली, तर मला पुढे अन्न गोड लागेल का गं?" आणि ढसाढसा रडले. सासऱ्याला रडताना पाहायची सवय कुठल्या सुनेला असते? मी घागर तशीच टाकून आत पळाले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी गवंडी बोलावला. तिरुच्चीच्या रेल्वे वसाहतीत त्यांनी घुमटाची भट्टी पाहिली होती, पण बाहेरून. गवंडी म्हातारा, जन्मभर विहिरी बांधलेला. त्यानं तर भट्टी बाहेरूनही पाहिली नव्हती. मामंजींनी जमिनीवर काडीनं आकृती काढून दाखवली. तो म्हणाला, "म्हणजे उलटी विहीर घालायची." "तेच," मामंजी म्हणाले. दोघेही खूश झाले. मला मात्र धडकीच भरली.

कावेरीला नवं पाणी यायच्या आत बैलगाडीभर वाळू आणली. विटांचा चौथरा झाला. त्यावर ओल्या वाळूचा ढीग रचून थापून थापून गोल केला, वर केळीची पानं अंथरली, आणि पानांवरून विटांची कडी एकावर एक चढू लागली. चिखलात भाताचं तूस मिसळलेलं, ते तुडवायला मामंजी स्वतः धोतर खोचून उतरायचे. आत्याबाई मागच्या दाराशी चटईवर पडून बघायच्या. "अरे, पाय सपाट टाक, नाचतोस काय," असं म्हणायच्या. अंगात त्राण नव्हतं, पण जीभ शाबूत होती.

माथ्यावरची शेवटची वीट बसवायची वेळ आली. मामंजी म्हणाले, "अक्का, तू बसव." त्यांनी चटईवरून मान वर केली. मग म्हणाल्या, "शुभकार्याला मी? वेडा आहेस का? सवाष्ण लागते. सून आहे ना घरात." मी हळदकुंकू लावून वीट ठेवली. मागे वळून पाहिलं तर त्यांनी डोळ्यांवर पदर ओढून घेतला होता. मला फार वाईट वाटलं. घुमट त्यांच्यासाठी, आणि त्यांनाच हात लावता येईना.

वाळू आतून उपसून काढली. घुमट उभा राहिला. गवंडी म्हणाला, "आता महिनाभर वाळू द्या, मग हळूहळू निखारा दाखवा." आणि इथंच घोडं अडलं. चार दिवसांवर आडी लागत होता. आडी म्हणजे तमिळ आषाढ. त्या महिन्यात आमच्याकडे नवं काही सुरू करत नाहीत, नवी चूल तर नाहीच नाही. आत्याबाईंनी पंचांग मागवलं. "हा आनी महिना संपायच्या आत पेटव, नाहीतर आडी गेल्यावर. आडीत पेटवलेल्या चुलीवरचं मी खाणार नाही."

आडी जाईपर्यंत त्या राहतील का, हा प्रश्न कोणी बोलून दाखवला नाही. गवंडी मान हलवत निघून गेला. मामंजींनी जन्मात कधी अक्काचा शब्द मोडला नव्हता. आनीच्या शेवटच्या दिवशी सकाळी मुहूर्त होता. मी नारळ ठेवला, सरूची लाकडं रचली, मामंजींनी काडी लावली.

आधी विटांना घाम फुटला. खरंच, बाहेरून पाणी ओघळत होतं आणि सगळ्या घुमटातून वाफ निघत होती. तासाभरानं मामंजींनी लाकडं मागे सारली आणि मी रात्रीच आंबवून ठेवलेला पाव आत सरकवला. त्यांना धीर कुठला? बहिणीच्या पोटात दोन दिवस नुसतं पाणी होतं. आतून फट्‌ असा आवाज आला. मग आणखी एक. मी ओरडले, "मामंजी, मागे व्हा!" तेवढ्यात माथा धपकन आत बसला, मी कुंकू लावलेली वीट पहिली. आणि हा माणूस पळायचं सोडून त्या आगीत हात घालू लागला! पाव बाहेर काढला त्यांनी. चिखलानं माखलेला, अर्धा कच्चा. तो पाव छातीशी धरून उभे होते, मनगटापासून कोपरापर्यंत कातडी सोललेली.

गल्लीत बातमी पसरायला वेळ लागला नाही. नव्या सुनेच्या हाताचा गुण, असं कोणीतरी कुंपणाआडून बोललं, मला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं. मी स्वयंपाकघरात जाऊन बसले. माझे यजमान तंजावरला नोकरीला, शनिवारशिवाय यायचे नाहीत. सांगणार कोणाला?

संध्याकाळी आत्याबाईंनी आम्हा दोघांना हाक मारली. मामंजींचा हात त्यांनी आपल्या हातात घेतला, पट्टी बघितली.

"माझ्या मुहूर्तानं केलं हे," त्या म्हणाल्या. "पोरीला कोणी बोल लावला तर त्याला माझ्याकडे पाठवा. उद्या गवंड्याला बोलाव."

"उद्या आडी लागतो, अक्का."

"लागू दे. आडीत नवी चूल पेटवायची नाही, हे खरं. ही नवी कुठली? मुहूर्तावर पेटली की एकदा. आता नुसती डागडुजी. आडीत कौलं शाकारत नाहीत का लोक?"

मामंजी बघतच राहिले.

"आणि नीट वाळू दे या खेपेला. मी कुठे जात नाही तोवर."

"पण तोवर खाशील काय?"

त्यांनी मला जवळ बसवलं. "सूनबाई, प्रवासाला निघताना दशमी करतात ना? पीठ दुधात मळलं की त्याला ओवळं लागत नाही. मग तुमचा तो पावही दुधात मळा. पाण्याचा थेंब नको. रात्रभर आंबवायचा म्हणता, तर इडलीचं पीठ नाही का आंबत? दुधात मळला की ती दशमी झाली, पाव नाही राहिला. बाजारच्या भट्टीतून भाजून आणलात तरी चालेल मला, आपली वाळेपर्यंत."

इतके दिवस ज्या नियमांनी त्यांनी आमच्या नाकी नऊ आणले होते, त्याच नियमांतून त्यांनी वाट काढली. स्वतःसाठी काढली असती तर केव्हाच काढली असती. भावाचा तो हात पाहून काढली. मला तेव्हा इतकं भरून आलं की मी त्यांच्या पायांवर डोकं ठेवलं. त्या म्हणाल्या, "ऊठ, दूध तापव."

गवंड्यानं पुन्हा माथा बांधला. शेवटच्या विटेला मी कुंकवाची कोयरी घेऊन आले तर आत्याबाई म्हणाल्या, "ठेव ती आत. डागडुजीला कसली सवाष्ण लागते?" मामंजींनी त्यांना उचलून नेलं. पोराला उचलावं तशा उचलल्या गेल्या, काही वजनच उरलं नव्हतं. आत्याबाईंनी दोन्ही हातांनी वीट बसवली आणि वरून दोनदा थोपटली.

आडी संपता संपता भट्टी पेटली. घुमट अभंग राहिला. भट्टीतून काढलेली पहिली दशमी मी कापली, पुन्हा भाजली, दुधात बुडवून दिली. मामंजी दाराच्या चौकटीला धरून उभे होते. आत्याबाईंनी सबंध फोड खाल्ली. आम्ही वाट पाहिली. पोटात ठरली.

"मीठ विसरलीस," त्या मला म्हणाल्या. मामंजी हसले आणि तसेच परसात निघून गेले.

पुढे मार्गळीपर्यंत, म्हणजे मार्गशीर्षापर्यंत, त्या होत्या. रोज एक फोड, कधी दोन. मामंजी रोज तसेच चौकटीपाशी उभे, शेवटचा तुकडा संपेपर्यंत हलायचे नाहीत. त्या बऱ्या झाल्या नाहीत. डॉक्टरांनी सांगितलं होतं तसंच झालं. पण गेल्या त्या दिवशी सकाळीसुद्धा दुधात भिजवलेला एक घास त्यांच्या पोटात होता.

त्यांच्या सासरचं कोणी उरलं नव्हतं, म्हणून श्राद्ध मामंजींनीच केलं. वर्षश्राद्धाला त्यांनी पहाटे भट्टी पेटवली. गुरुजी पानावर बसले, मी वाढायला आले, आणि भातावर वाढलेली ती फोड पाहून त्यांनी हात आखडला.

"हे काय? पाव? श्राद्धाच्या पानावर?"

मी घाबरून मामंजींकडे पाहिलं. गुरुजींपुढे ते कधी मान वर करून बोलले नव्हते.

"पाव नव्हे, दशमी आहे," ते म्हणाले. "दुधात मळलेली. पाण्याचा थेंब नाही."

"कुठल्या शास्त्रात सांगितलंय हे?"

मामंजींनी माझ्याकडे पाहिलं. मग माझंच तोंड सुटलं. "गुरुजी, ज्यांचं श्राद्ध आहे त्यांनीच सांगितलंय."

गुरुजींनी फोड उचलली, दुधात बुडवली आणि खाऊ लागले. मामंजी उठले, जाऊन चौकटीला धरून उभे राहिले, आणि शेवटचा तुकडा संपेपर्यंत तिथून हलले नाहीत.