पानी कोनं आनलं?

आमच्यापैकी कोणी गावाहून परतलं की आपांचा पहिला प्रश्न ठरलेला, "पानी कोनं आनलं?" बाकी काय विचारलं, काय कळलं, ते सगळं नंतर.

आपा आमच्या राजापेठेतल्या लहानशा ऑफिसच्या प्रमुख. त्या वर्षांत वऱ्हाडात, ज्यांच्या शेतकरी नवऱ्याने कर्जापायी जीव दिला अशा बायका गावोगाव होत्या. त्यांची सरकारी मदत कुठे अडली ते मोबाइलवर कळावं, म्हणून आम्ही अ‍ॅप केलं होतं. ते त्यांना जमतं का, हे बहुतेकदा आपा स्वतः त्यांच्या घरी ओट्यावर बसून विचारत.

तुम्हीही पाहिलं असेल, आपल्याकडे पाहुण्याशी बोलायला पुरुष बसतो आणि पाणी बाई आणते. चांदूर रेल्वेजवळच्या एका विधवेच्या घरी मीही आपांसोबत होते. तिचा दीर फोन हातात घेऊन अ‍ॅपचं कौतुक सांगत होता, "सबन बेस हाये." आपांनी पेला रिकामा केला आणि तो आणणारीला म्हणाल्या, "बस वो माय." त्या विधवेने अ‍ॅप कधी पाहिलंच नव्हतं.

मग एका कंपनीने युजर रिसर्चचा प्लॅटफॉर्म दाखवला. दरमहा पैसे भरा, अ‍ॅप वापरणारी माणसं व्हिडिओ कॉलवर, ऑफिसातल्या पडद्यावर हजर. उन्हातान्हात फिरायला नको. काही दिवस फुकट वापरून पाहिला. पडद्यावर सगळे दीर आणि पुतणे, भराभर उत्तरं देणारे.

"पैसे देऊन दिरायलेच भेटाचं काय?" आपा म्हणाल्या. विषय संपला, असं आम्हाला वाटलं.

पुढे आपांचं दुखणं निघालं. डॉक्टर आशा दाखवेनात. तरी एकदा जिना चढून आल्या आणि धापा टाकत म्हणाल्या, "माह्या मांगं गावाले कोन जाईन?"

आम्ही खुर्ची पुढे ओढली, तशा त्या बसल्या.

"मंग घेऊन टाका ते पडद्यावालं. पन पहिले पानी मांगजा."

त्या चिडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या नुसत्या थकल्या होत्या.

आपा गेल्या. प्लॅटफॉर्म आला. काही दिवसांनी चांदूर रेल्वेजवळचं तेच घर पडद्यावर आलं. समोर तोच दीर. मला ओशाळं वाटत होतं, तरी म्हणाले, "भाऊ, पानी पाजता काय?"

"फोनवर कसं पाजू, ताई?" तो हसला. पण सवयीने आत ओरडलाच, "वहिनी, पानी आना वो!"

ती पेला घेऊन आली. मला ओळखलं तिने. "आपा काहून नाई आल्या?"

मी सांगितलं. तिने दिराच्या हातून फोन घेतला, ओट्यावर भिंतीला टेकवला, आणि भरलेला पेला फोनसमोर ठेवून खाली बसली.