बाबा माझ्यासाठी खोटं बोलले

संपात गिरणीतली नोकरी सुटल्यावर बाबांनी वीस वर्षं टॅक्सी चालवली, पण हवालदाराशी कधी खोटं बोलले नाहीत. म्हातारपणी एकदा मी त्यांना माझ्या गाडीतून डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेत होतो. लालबागला माझ्या ऑफिसातल्या साहेबांचा फोन आला.

"नको उचलू, गाडी चालव," बाबा म्हणाले.

"एकच मिनिट," म्हणत मी उचलला. तेवढ्यात रस्ता ओलांडणारी एक कोळीण गाडीचा धक्का लागून पडली. तिचं मनगट मोडलं.

आम्ही तिला गाडीत बसवत असतानाच हवालदार आला. त्याने माझ्या हातातल्या फोनकडे बोट दाखवलं. "गाडी चालवताना फोनवर बोलणं गुन्हा आहे, माहीत आहे ना?"

बाबांनी माझ्या हातातला फोन काढून घेतला. "मी बोलत होतो, साहेब. हा नाही."

कोळणीने सगळं पाहिलं होतं. ती कण्हत माझ्याकडे बघत राहिली, पण बोलली काहीच नाही. हवालदाराने बाबांचं म्हणणं लिहून घेतलं आणि आम्हाला इस्पितळात जाऊ दिलं.

तिला प्लास्टर घालून झाल्यावर मी बाबांना म्हणालो, "चौकीवर जाऊन खरं सांगून येतो."

"म्हणजे आता मला खोटा पाडणार?"

मी गेलो नाही. बाबांच्या मानासाठी गेलो नाही, असं बायकोला सांगितलं. खरं तर मला सुटल्यासारखं वाटलं होतं, आणि त्याचीच लाज अजून वाटते.