काचेच्या पाटीवर फुंकर

मैंदर्गीच्या शाळेत पाटीवर पेन्सिल ओढली की कर्रर्र आवाज यायचा. दात शिवशिवायचे. माझी शाळा दुसरीतच सुटली, आवाज तेवढा कानात राहिला. आता सात रस्ता चौकाजवळच्या आमच्या दुकानात काचेची पाटी आली आहे. तिच्यावर कितीही लिहा, आवाज होत नाही. किस्से मात्र एवढे साठलेत, की चहाला कोणी बसलं की एखादा निघतोच.

दुकान चादरींची डिझाइनं काढायचं. मालकीण रेवतीताई, डिझाइन काढणारे नरसय्यामामा आणि झाडलोट, चहापाणी बघणारा मी. मामा ग्राफपेपरवर मोर, कमळं काढायचे आणि उठताना पेन्सिल कानावर ठेवायचे. ती तशीच घरी जायची, सकाळी तशीच परत यायची.

"तात्या," मला म्हणायचे, "पेन्सिल टेबलावर ठेवून गेलो की समज, आता मी येत न्हाय."

मग त्यांचा हात थरथरायला लागला. खोडून खोडून कागद फाटू लागले. एका संध्याकाळी पेन्सिल टेबलावर ठेवून ते निघून गेले.

रेवतीताई त्यांच्या घरी गेल्या. "मामा, थोडे दिवस या. एक वस्तू आणलीय. न्हाईच जमलं तर अडवणार न्हाई."

*

वस्तू म्हणजे लॅपटॉप. ताईंनी उघडला आणि पडदा धरून ओढला. कटकन पडदा हातात आला, बटणं टेबलावर राहिली.

मी हळूच म्हणालो, "ताई, काळजी करू नका. दुकानदार बदलून देईल की."

ताई हसत खालीच बसल्या. "तात्या, तो असाच निघतो. मग त्याचा टॅबलेट होतो."

मामा म्हणाले, "टॅबलेट तर मी सकाळ-संध्याकाळ घेतोय. हात कुटं थांबलाय?"

*

एकदा मला पडद्यावर डाग दिसला. मी बोटाला थुंकी लावली, पुसलं आणि बाहीनं कोरडं केलं. ताईंचं अर्धं कमळ कुठल्या कुठे गेलं.

"तात्या, काय केलं हो?"

"पाटी पुसली."

ताईंनी एक मऊ फडकं आणून दिलं. आता पडदा पुसायचा असला की हाक येते, "तात्या, थुंकी द्या."

*

एके दुपारी पडद्यावर चित्र काढायचा पेन उमटेना. मामांनी टोक निरखलं आणि खिशातून ब्लेड काढलं. ताई धावत आल्या. "मामा, चार्जिंग संपलंय त्याचं."

"मग तसं सांगायचं की. मी म्हटलं टोक गेलं."

पेन चार्जिंगला लावला. मामा त्याच्याजवळ बसून राहिले. मी चहा पुढं केला, तर म्हणाले, "थांब, आधी त्याचं होऊ दे."

*

पडद्यावरची रेघ खोडली की मामा वाकून फुंकर मारायचे.

"मामा, यात रबराचा भुसा पडत न्हाई."

"मला ठाव हाय, पोरी. तोंडाला कोण सांगणार?"

पण फुंकरा लई वाढल्या. मोराची मान काही जमत नव्हती.

*

शेवटी एका संध्याकाळी मामा म्हणाले, "रेवती, उद्यापासून न्हाय येत."

ताईंनी सेटिंगमध्ये काहीतरी फिरवलं आणि पेन मामांच्या हातात दिला. "एवढी मान काढून जावा."

मामांनी रेघ ओढली. हात थरथरतच होता. पडद्यावर मात्र मोराची मान अलगद वळत वर गेली, कुठं हिसका नाही. मामांनी आधी हाताकडं पाहिलं, मग मोराकडं. खोडायचं काही नव्हतं, तरी वाकून फुंकर मारली.

मग उठले. पिशवी घेतली, चपला घातल्या. टेबल रिकामं होतं. पेन कानावर होता.

मी म्हणालो, "अहो मामा, पेन..."

ताईंनी माझा हात धरला.

मामा पायऱ्या उतरले आणि सात रस्त्याच्या गर्दीत शिरले.