केदारखेड्याचा बस्ता

गिरिधरशेठच्या दुकानात गादीवर बसून कापड विकणारा पुंजाराम दिसायला अगदी साधा माणूस होता. बुटका, पाठीत किंचित वाकलेला, बोलताना समोरच्याच्या चेहऱ्याकडे न पाहता कापडाकडे पाहणारा. पण जुन्या जालन्याच्या कापडगल्लीपासून भोकरदनपर्यंत त्याची एक गोष्ट सगळ्यांना ठाऊक होती. पुंजारामने भाव सांगितला की तो सांगितला. इतर विक्रेते बारा सांगून नवावर यायचे आणि गिऱ्हाईक तीन रुपये तोडल्याच्या खुशीत घरी जायचे. पुंजाराम नऊ सांगायचा आणि नवालाच द्यायचा. सुरुवातीला लोकांना हे रुचले नाही. घासाघीस झाली नाही तर बायकांना बाजार केल्यासारखेच वाटत नसे. मात्र वीस वर्षांत सवय झाली. पुढे पुढे खेड्यावरची माणसे दुकानात शिरताना शेठला रामराम करायची आणि विचारायची, "पुंजारामभाऊ कुठं बसले?"

त्या दुकानात भाव लिहून ठेवण्याची रीत नव्हती. सकाळी देवाला उदबत्ती झाली की शेठ पुंजारामला जवळ बोलवायचे आणि एकेका मालावर हात ठेवून त्याचा भाव द्यायचे. तोही हळू आवाजात, म्हणजे शेजारच्या दुकानात जायला नको. पुंजारामला लिहिता येत नव्हते, पण सकाळी घेतलेला भाव त्याच्या डोक्यातून हलत नसे. दुपारी मुनीमजी त्याने पुकारलेल्या भावाने बेरीज करायचे आणि पैसे घ्यायचे. भाव बरोबर की चूक हे पाहणे मुनीमजींचे काम नव्हते.

त्या काळात आपल्याकडे दोन रुपये चालायचे. निजाम सरकारचा हाली आणि इंग्रजी मुलखातला कलदार. सहा कलदाराचे सात हाली व्हायचे. शेठ मुंबईचा माल कलदारात घ्यायचे आणि पुंजारामला भाव द्यायचे तो हालीत. मधला हिशेब ते मनातल्या मनात करून टाकायचे. इतकी वर्षे त्यात कधी गफलत झाली नव्हती, म्हणून तो कोणता रुपया हे कोणी कोणाला विचारतही नसे.

सन छत्तीसच्या लग्नसराईत शेठ मुंबईहून रात्रीच्या गाडीने उतरले. मालाच्या गाठी करोडगिरीच्या नाक्यावर अडकून पडल्या होत्या, आणि जकात भरून त्या सोडवायच्या होत्या. बरोबर आणलेल्या लग्नाच्या मालाचा भाव त्यांनी सकाळी घाईघाईने पुंजारामला दिला आणि जोडे न काढताच नाक्याकडे गेले.

ते गेले आणि तासाभरात केदारखेड्याचे रखमाजी दोन बैलगाड्या घेऊन आले. त्यांची एक मुलगी आणि धाकट्या भावाची एक, अशी दोन लग्ने एकाच मांडवात होती. लग्नाचे सगळे कापड एकदमच घ्यायचे, त्याला बस्ता म्हणतात. नवरीचा शालू, नवरदेवाची धोतरजोडी, विहिणीचे लुगडे, करवलीचा खण, मामाचा फेटा, सगळे एका बैठकीत. घरची माणसे रिंगण करून बसतात आणि कोणाला काय यावरून रुसवेफुगवेही तिथेच उरकतात. माल निवडून झाला की शेवटी त्यावर हळदकुंकू वाहायचे, नारळ ठेवायचा आणि गाठ बांधायची. ती गाठ मांडवातच सुटायची. दुकानदार असो की गिऱ्हाईक, त्यानंतर बस्त्याबद्दल कोणी शब्द काढत नसे.

"भाऊ, लुगड्याचं काय म्हंता?" रखमाजींच्या बायकोने, गोजरबाईने विचारले.

"सहा."

"सहाला असं सूत? गेल्या साली तर सातनं नेलं व्हतं आमच्या जावेनं."

"यंदा शेटनं माल बरा घेतला," पुंजाराम म्हणाला. त्यालाही तो भाव हलका वाटला होता. सकाळपासून दोनदा वाटला होता. पण शेठ मुंबईहून स्वस्त आणतात तेव्हा तो मनातून खूश व्हायचा, जणू त्यानेच आणले. त्या खुशीत त्याने पुढे विचार केला नाही.

"मंग माझं बी एक टाका," गोजरबाई म्हणाली. "ह्यांना इचारू नका. हे न्हाईच म्हणतील."

"म्या कवा न्हाई म्हणलो?" रखमाजी हसले. "ज्या घरात चार बाया हाईत तिथं न्हाई म्हणून जायचं कुठं?"

सगळा बस्ता नव्या मालातलाच निघाला. दोनशे चाळीस रुपये झाले. मुनीमजींनी मोजून घेतले. गोजरबाईने कुंकू वाहिले, पुंजारामने दुकानातर्फे नारळ दिला आणि गाड्या निघाल्या.

संध्याकाळी शेठनी बेरीज पाहिली. त्यांनी ती पुन्हा एकदा केली. मग पुंजारामला हाक मारून जवळ बसवले.

"लुगडं सहाला दिलंस?"

"तुम्हीच सहा सांगितले, शेटजी."

"सहा कलदार सांगितले. मुंबईच्या मालाचा भाव कोणत्या रुपयात असतो, हे वीस वर्षांनी मी शिकवायचं का तुला?"

"रोज तुम्ही हालीतच देता. आज कलदार म्हणल्याचं ध्यानात न्हाई."

"मी म्हणालो."

शेठ म्हणाले होते की नाही हे सांगायला तिसरा माणूस तिथे नव्हता. शेठनाही नक्की आठवत होते असे नाही. चार दिवस मुंबईत कलदारात बोलून त्यांचे तोंड तसे वळले असेल. पण दुकानाच्या मालकाने चूक आपली म्हणण्याची त्या गल्लीत प्रथा नव्हती. दोनशे चाळीस कलदाराचे दोनशे ऐंशी हाली. चाळीस रुपये कमी आले होते. पुंजारामला महिना चौदा रुपये मिळायचे.

"पगारातून कापा," तो म्हणाला. "महिना दोन-दोन रुपये."

"वीस महिने? आणि बाकीचं केदारखेडं उद्या येऊन सहालाच लुगडं मागेल, त्याचं काय?" शेठनी आवाज चढवला नाही. ते कधीच चढवत नसत. "तू बोललास, तूच जाऊन फेड करून आण. पैसे आण, न्हाईतर माल आण. दोन्ही न्हाई जमलं तर परत गादीवर बसू नको."

पुंजाराम म्हणाला, "कुंकू वाहिलंय, शेटजी."

"कुंकू त्यांनी वाहिलं. माल माझा आहे." मग थोडे थांबून शेठ म्हणाले, "न्हाईच ऐकलं तर सांग, लग्नाच्या दिवशी माझी माणसं मांडवात येऊन मागतील. व्याह्यांच्या समोर. पण हे शेवटी सांग."

घरी बायकोने, झुंबरबाईने त्याला ताट वाढले. तो जेवला नाही तेव्हा तिने कारण विचारले, आणि ऐकून म्हणाली, "चूक शेटची असंल तर तुम्ही कशाला जाता?"

"मंग दुसरीकडं कोण ठेवील मला? ह्या वयात, लिहिता येत न्हाई त्याला?"

झुंबरबाईने ताट झाकून ठेवले. तिला दम्याचा त्रास होता आणि औषधाचा खर्च शेठ वर्षाला एकदा दिवाळीत द्यायचे. दोघांनाही ते बोलून दाखवावे लागले नाही.

भोकरदनची सर्व्हिस मोटार त्याला फाट्यावर सोडून गेली. केदारखेड्यात रखमाजींच्या दारापुढे मांडवाचे खांब रोवून झाले होते. रखमाजी स्वतः सुतळीने आडवे वासे बांधत होते. पुंजारामला पाहून त्यांनी तिथूनच हाक दिली.

"आवं, मुंडावळ्या बांधायच्या आधीच जेवायला आले व्हय? गोजर, पाव्हणे बघ कोण आले. आपले पुंजारामभाऊ."

पाणी आले, गूळ आला. पुंजारामने तांब्या हातात धरला आणि झालेली गोष्ट जशी झाली तशी सांगितली. रखमाजींना आधी ती थट्टा वाटली. ते हसले, मग हसू चेहऱ्यावर तसेच राहिले.

"म्या कमी करा म्हणलो व्हतो का?"

"न्हाई."

"तुम्ही सांगितलं त्यातला एक आणा कमी दिला व्हता का?"

"न्हाई, रखमाजी. पूर्ण दिले."

"मंग हे कलदार अन् हाली तुमचं तुम्ही बघा. शेतकऱ्याला ते काय कळतंय? आम्ही तुमच्या तोंडाकडं पाहून माल घेतो. दुसऱ्या दुकानात जात न्हाई ते त्याच्यापायी."

"चूक शेटची हाय. पण घाटा माझ्यावर टाकून राह्यले."

रखमाजी विचारात पडले. सुतळीचे भेंडोळे त्यांनी खाली ठेवले. "हे मातर वंगाळ झालं," ते म्हणाले. "असं करू. दहा रुपये म्या देतो. शेटला न्हाई, तुम्हाला. तुमची वेळ निभवा. लग्न झाल्यावर आणखी बघू."

इथेच तो दहा रुपये घेऊन उठू शकला असता. दहा शेठना दिले असते, उरलेल्या तिसांसाठी पाया पडला असता, कदाचित शेठ वळले असते. हे त्याला पुढे कितीतरी वेळा वाटले. पण त्या क्षणी त्याच्या डोळ्यांपुढे रिकामी गादी होती आणि ओठांवर शेठनी दिलेले वाक्य होते. शेठनी दिलेला भाव तो जसा न बदलता सांगायचा, तसेच त्याने ते वाक्यही सांगून टाकले.

"शेटची माणसं लग्नाच्या दिवशी मांडवात येतील. व्याह्यांच्या समोर मागतील."

रखमाजींनी त्याच्याकडे पाहिले. "हे शेटनं सांगितलं का तुम्ही सांगून राह्यले?"

पुंजारामने हातातला तांब्या खाली ठेवला.

गोजरबाई उंबऱ्याशी उभी होती. ती आत गेली आणि बस्ता उचलून बाहेर घेऊन आली. नारळ अजून गाठीत होता. तिने तो बाजूला ठेवला आणि गाठ सोडली.  ओसरीवरच्या एका म्हातारीने तोंडाला पदर लावला.

"नवऱ्यांचं अन् व्याह्यांचं ऱ्हाऊ द्या," गोजरबाई म्हणाली. "आमच्या घरच्या बायांचं न्या. हे माझं. हे जावेचं. हे मामीचं, हे आत्याबाईचं. ही दोन मावश्यांची. हिसाब तुम्हीच करा, भाऊ. कोणत्या रुपयात करायचा ते आमच्यापेक्षा तुम्हाला बराबर ठाऊक."

सहा लुगडी झाली. सातच्या भावाने बेचाळीस. पुंजारामने खिशातून दोन रुपये काढून तांब्याशेजारी ठेवले. ते कोणी उचलले नाहीत. रखमाजी पाठ करून पुन्हा वासे बांधू लागले होते. जेवायला थांबा असे कोणी म्हटले नाही, आणि लग्नाच्या घरातून तो उपाशी निघाला.

लुगड्यांच्या घड्यांवर कुंकू उतरले होते. शेठनी एकेक घडी उलगडून पाहिली. "ह्याला आता धोब्याचा खर्चा," ते म्हणाले, आणि मग, "बरं केलंस." दुसऱ्या दिवशी पुंजाराम गादीवर आपल्या जागी बसला. शेठनी त्याला नेहमीसारखा जवळ बोलावून भाव दिला. प्रत्येक भावापुढे या खेपेला त्यांनी हाली म्हटले.

लग्ने झाली. रखमाजींच्या घरच्या बायका मांडवात जुनी लुगडी नेसून वावरल्या आणि का, ते साऱ्या पाव्हण्यांना कळले. पाव्हणे दहा गावांचे होते. कोणी दुकानावर येऊन भांडले नाही. फक्त पुढच्या सराईत केदारखेड्याच्या गाड्या कापडगल्लीत आल्या त्या चार दुकाने पुढे जाऊन थांबल्या. जी माणसे येत राहिली त्यांनी पुंजारामला नवे प्रश्न विचारायला सुरुवात केली.

"सहा म्हंजी कोणते सहा?"

"हाली."

"पक्के? मागून घरी येणार तर न्हाई?"

लोक हसायचे. कोणी म्हणायचे, "शेटला इथं बोलवा अन् त्यांच्या तोंडानं वदवा." एका भोकरदनच्या माणसाने त्याच्याकडून धोतरजोडी घेतली, पैसे दिले आणि मग मुनीमजींना विचारले, "ह्यांनी सांगितलं ते बराबर हाय ना?" पुंजाराम समोरच बसला होता. तो कापडाची घडी घालत राहिला.

घासाघीस पुन्हा सुरू झाली. लोकांना आता त्याच्या नवावर भरवसा नव्हता, म्हणून ते सातापासून सुरू करायचे, आणि त्याला खाली उतरता येत नसे. वीस वर्षांत त्याने ते केलेच नव्हते. तो नऊ म्हणायचा, गिऱ्हाईक आठ म्हणायचे, तो नऊ म्हणायचा आणि गिऱ्हाईक उठून जायचे. शेजारच्या जाजमावर बसणारा, दुकानातलाच दुसरा विक्रेता मुकुंद तेच कापड बारा सांगून दहाला देऊ लागला.

शेठ हिशेबी माणूस होते. दोन वर्षे पाहून त्यांनी मालावर भाव लिहिण्याची पद्धत सुरू केली. कापडाच्या प्रत्येक ठाणाला, म्हणजे ताग्याला, सुतळीने चिठ्ठी, चिठ्ठीवर हालीत आकडा, खाली दुकानाचा शिक्का. गल्लीत ते पहिलेच दुकान. आता गिऱ्हाईक स्वतः वाचायचे, नाहीतर बरोबरच्या शिकलेल्या माणसाकडून वाचून घ्यायचे. सकाळचे भाव देणे बंद झाले. ज्याला चिठ्ठी वाचता येते तो कोणीही विकू शकत होता, आणि पुंजारामला ती वाचता येत नव्हती.

शेठनी त्याला काढले नाही. गादीवरून उठवून मागच्या वखारीत ठेवले, पगार दहा रुपये केला. त्याने ठाणे उचलायची, झटकायची, उंदीर पाहायचे. झुंबरबाई त्या थंडीत गेली. पुढे आठ-नऊ वर्षे तो वखारीतच होता. अठ्ठेचाळीस साली निजामी राज्य बुडाले, त्या गडबडीच्या महिन्यांत गल्लीतली दुकाने बंद झाली. ती उघडली तेव्हा शेठच्या मुलाने वखारीला दुसरा माणूस ठेवला होता.

त्यानंतर तो गल्लीच्या तोंडाशी एका पायरीवर बसायचा. जुनी माणसे थांबून दोन शब्द बोलायची. घरचे, पावसाचे, कोण गेले कोण राहिले, सगळे तो नीट बोलायचा. एकदा चिंचोळीचा कोणी म्हातारा खांद्यावरचे पटक्याचे कापड त्याच्यापुढे धरून म्हणाला, "पुंजारामभाऊ, तुम्ही जाणकार. आत्ताच घेतलं. ह्याचे तीन बराबर दिले का म्या?"

पुंजारामने कापड हातात घेतले. अंगठ्याने सूत चाचपले, पोत उजेडात धरून पाहिला. मग नीट घडी घालून ते त्याच्या हातात परत दिले.

"दुकानात इचारा," तो म्हणाला.