चिलटाएवढी माशी

आमच्या कतारमधल्या अल मन्सूराच्या घरात जेवणाच्या टेबलावर ताटं कमी आणि पिसंच जास्त असायची. ह्यांच्या ऑफिसातला गोरा साहेब नोकरी संपवून मायदेशी गेला, तेव्हा टेबलाला लावायचा एक चिमटा आणि डबीभर गळ ह्यांना देऊन गेला. गळ तरी केवढे? तांदळाच्या दाण्याहून लहान! त्यावर रेशमाचा दोरा गुंडाळून, पारव्याच्या पिसाचा एखादा तंतू लावून हे चिलटाएवढी खोटी माशी बांधायचे. थंड नदीतला ट्राउट मासा म्हणे असली चिलटंच खातो. पारवे आमच्या एसीवरच बसलेले, त्यामुळे पिसांना काही तोटा नव्हता.

आता कतारात कुठला आलाय ट्राउट! शुक्रवारी हे गळाची काठी घेऊन बागेतल्या हिरवळीवर दोरी फेकायचा सराव करायचे. एकदा एक ड्रायव्हर थांबून विचारतो, "चाचा, यहाँ मछली कहाँ है?"

"आयेगी, इन्शाल्ला," हे म्हणाले. मी आपली गाडीत जाऊन बसले.

दर सुट्टीत हिमाचलला जायचं ठरायचं आणि दर सुट्टी रत्नागिरीत कुणाच्या तरी लग्नात जायची. मग डॉक्टर म्हणाले, ह्यांच्या डोळ्यांचा पडदा खराब होतोय, नजर आता कमीच होत जाणार. तेव्हा मीच म्हटलं, "यल्ला, चला आता, ह्या वर्षी लग्नबिग्न काही नाही."

गेलो. पण वाहत्या पाण्यावर ती एवढीशी माशी ह्यांना दिसेचना. मग ठरलं, मी बघायचं आणि ओरडायचं, ह्यांनी काठी उचलायची. सकाळ अशीच गेली. नंतर पाण्यात एक पिवळसर पोट वळलेलं मला दिसलं आणि माशी गायब!

"घेतली! अहो, घेतली!"

हे शांत. "थांब गं, गिळू दे जरा."

आम्ही पडलो खाडीकाठची माणसं. गळाला कोलंबी लावायची, माशाला नीट गिळू द्यायचं, मग ओढायचं. पण कोलंबीला चव असते, पिसाला काय असणार? ट्राउटनं तेवढ्यात थुंकूनसुद्धा टाकली. लगेच ओढायचं असतं हे ह्यांना पुस्तकातलं पाठ होतं हो. पण हिरवळीवर कधी मासा लागला नव्हता, हाताला ते शिकवणार कोण? पुन्हा काही लागलं नाही, आणि दुसऱ्या दिवशी निघायचंच होतं.

आता माशी बांधणं खलास. गळच दिसत नाही. चांगले डोळे असताना गेलो असतो, तर पहिला हुकला असता, दुसऱ्याला हात शिकला असता. ज्यांच्यासाठी जायचं राहिलं त्यातली निम्मी लग्नं मला आज आठवतही नाहीत.

चहा घेताना हे मध्येच विचारतात, "कसा होता गं?" ह्यांना तो दिसलाच नव्हता ना.

"पिवळसर. अंगावर लाल ठिपके. चांगला हातभर."

"गेल्या खेपेला वीतभर म्हणालीस," असं म्हणतात आणि कप तसाच हातात धरून मी पुढे सांगायची वाट बघतात.