मामाजींची कवळी आणि माझं भन्नाट मशीन

माझ्या सासऱ्यांचे दात मी तोडले, आणि तेही त्यांच्या परवानगीने.

तेव्हा आम्ही पुलगावला राहायचो. माझं कापडाचं दुकान होतं आणि नाद होता प्लास्टिकची छोटी विमानं जोडायचा. सुटे भाग घासायला मी नागपूरहून पेनासारखं हातात धरायचं, टोकाला फिरतं चाक असलेलं एक मशीन आणलं. दुकानदाराने दोन दाखवली. एकाचा वेग कमी-जास्त करता यायचा, दुसरं एकाच वेगाचं, पण भन्नाट. पहिलंच घ्या, भन्नाट वेगाने प्लास्टिक वितळतं, असं त्याने तीनदा बजावलं. (मी स्वतः दुकानदार. दुकानदाराचं किती ऐकायचं, हे मला शिकवायची गरज नव्हती.) मी भन्नाट घेतलं. पहिल्याच दिवशी विमानाचा पंख च्युइंगमसारखा लोंबला. विमान वळण घेतंय, असं मी बायकोला सांगितलं.

त्याच आठवड्यात रोहण्याहून मामाजी, म्हणजे माझे सासरे, आले. दुसऱ्या दिवशी धाकट्या मेहुणीच्या सोयरिकीचं बोलायला समुद्रपूरला जायचं होतं, आणि त्यांची नवी कवळी हिरडीला टोचत होती.

"जवाईबापू, तुमच्या मशीननं थोडकंसं घासून देता काय?"

"बाबा, त्यायले नका देऊ," बायको म्हणाली. पण तोवर कवळी माझ्या तळहातावर आली होती. एवढा मान जावयाला क्वचितच मिळतो.

मी बटण दाबलं. चाक टेकताच गुलाबी प्लास्टिक मऊ होऊन त्याला चिकटलं, कवळी हातातून सुटली आणि भिंतीवर आपटली. दोन तुकडे झाले. समोरचे चार दात कपाटाखाली सापडले. मामाजी काहीतरी बोलले, पण दातांशिवाय ते कळलं नाही. (नशीब माझं.)

समुद्रपूरला ते तोंड मिटून बसले. पाहुण्यांनी काहीही विचारलं की नुसती मान हलवायचे. याआधीच्या दोन सोयरिकी त्यांच्या बोलण्यानेच मोडल्या होत्या! मुलाच्या वडिलांना मात्र हा भारदस्त माणूस फार आवडला. लग्न ठरलं.

श्रेय माझंच, असं मी समजून चाललो. लग्नाच्या दिवशी नवरदेवाच्या चष्म्याची दांडी कानामागे टोचत होती. मी सहज खिशात हात घातला. मामाजी लगबगीने मध्ये आले.

"जवाईबापू, आधी लगन लागू द्या."

खिशात माझा रुमाल होता. पण त्या घरात मला नाक पुसायलाही आता परवानगी लागते.